चार नंबरचा फोटो

मराठी दैनिकं, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळं यांच्या छायाचित्र संपादकांना,



मी तुमच्याच पंगतीतली. बावीस वर्षं पानं लावली, त्यातली नऊ एका जिल्हा आवृत्तीची. दैनिक कोणतं ते राहू दे. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळीकडेच घडतं.

रात्री साडेदहाला वार्ताहराची बातमी यायची. पान साडेअकराला सोडायचं असायचं. बलात्काराची बातमी तीन कॉलमी लागली की मुख्य उपसंपादक लांबूनच ओरडायचे, 'उघडी दिसतेय, काहीतरी लाव.' त्या 'काहीतरी'साठी सर्व्हरवर एक फोल्डर होतं. नाव 'अत्याचार'. त्यात सहा फोटो. एक नंबर, काचेवर टेकलेला पंजा. दोन नंबर, भिंतीवर पुरुषाच्या हाताची भलीमोठी सावली आणि तिच्याखाली आक्रसलेली मुलगी. तीन, तोंडावर दाबलेला हात. चार, कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली, केस पुढे सोडलेली तरुणी. पाच, हात मोडलेली बाहुली, ती लहान मुलांच्या बातम्यांना. सहा, मेणबत्ती, ती मोर्चाला. 'काल चार लावलाय, आज दोन लाव,' असं आम्ही बोलायचो. जाहिरातीचा ब्लॉक इकडून तिकडे हलवावा तसं. खाली फोटोओळ ठरलेली: प्रातिनिधिक छायाचित्र.

एकदा दुपारी डेस्कवरचा फोन मी उचलला. पलीकडे गावाकडची बाई. आवाज चढलेला नव्हता. 'पेपरात फोटो टाकलाय, तो आमच्या पोरीचा हाय का?' म्हटलं, नाही हो, तो प्रातिनिधिक आहे, खाली लिहिलंय तसं. तिला तो शब्द कळला नाही. इतक्या बारीक टायपात छापलेला शब्द कळण्याआधी दिसावा तरी लागतो. 'गावात समदे म्हन्त्यात तुमच्या पोरीचा फोटो आला. केस तसेच हायेत.' मी पुन्हा समजावलं. जरा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, 'पन ती अशी बसली नव्हती बाई. ती माझ्या आधी उठली, चपला घातल्या आन म्हनली, चल ठाण्यात. अशी तर मी बसले व्हते.'

त्या रात्री मी पान लावलं. बातमी अपघाताची होती म्हणून सुटले.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगून करायचं काय, खुलासा छापायचा? कशाचा? आम्ही मुलीचं नाव छापलं नव्हतं, गाव छापलं नव्हतं, कायदा काटेकोर पाळला होता. आणि तरीही त्या गावानं एका अनोळखी मॉडेलच्या पाठीवर त्या मुलीचं नाव लिहून टाकलं होतं. आईची तक्रार मात्र त्याहून वेगळी होती, आणि ती कळायला मला उशीर लागला. फोटो तिच्या मुलीचा आहे की नाही, हे तिनं आधी विचारलं खरं. पण तिला लागलं ते हे, की फोटोतल्या मुलीची मान खाली होती.

पीडितेची ओळख उघड करू नये, हे 1983 पासून भारतीय दंड संहितेच्या कलम 228 अ मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना खटल्यात हे अधिक कडक केलं: नुसतं नाव टाळून भागणार नाही, ओळख पटेल असा कोणताही तपशील नको. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, कारण विधी विभाग ते दर दोन महिन्यांनी ईमेलनं पाठवतो. पण या कलमांत कुठंही असं लिहिलेलं नाही की तिला रडताना दाखवा, कोपऱ्यात बसवा, तोंड लपवायला लावा. ओळख लपवणं हा कायदा आहे. लाज दाखवणं ही आपली पदरची भर आहे. आणि वर्षानुवर्षं या दोन गोष्टी आपण एकाच फोटोत भागवत आलो.

हे कलम आलं कुठून, ते आठवून पाहा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. तिचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे, मी इथं लिहीत नाही. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये ती रद्द केली. कारणांचा गाभा हा, की अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, झटापट झालेली दिसत नाही. दिसत नाही! न्यायालयाच्या मनात एक चित्र होतं आणि ती मुलगी त्यात बसत नव्हती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूटपणे सोसणं आणि संमती यांत फरक असतो, एवढी साधी गोष्ट त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावी लागली. त्यातून मोर्चे निघाले, मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, 1983 ची दुरुस्ती झाली. या देशात खुल्या पत्राला तेवढं वजन एकदा होतं, म्हणूनही हा प्रकार मी निवडला.

आपलं फोल्डर त्या निकालाचंच सचित्र रूप आहे. फाटका कपडा, विस्कटलेले केस, ओरखडे, भेदरलेली नजर. जी अशी दिसते ती खरी. जी सरळ उभी राहते, नीट केस विंचरून साक्षीला येते, प्रश्नाला उलट उत्तर देते, तिच्याबद्दल कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जे बोललं जातं ते तुम्ही ऐकलेलं आहे. ते बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही एक चार नंबर असतो, आणि तो त्यांना आपण पुरवलेला असतो.

दोन नंबरमध्ये तर साधी माहितीही चुकीची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले. वर्षामागून वर्षं हा विभाग सांगतो की दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला, मालक. भिंतीवर अनोळखी राक्षसाची सावली पाडून आपण काकाला, मामाला, शिकवणीच्या सरांना फ्रेमबाहेर सुखरूप नेऊन ठेवतो. हीच चूक मजकुरात झाली असती तर संपादकांनी खुलासा मागितला असता.

'मग लावायचं काय?' हा प्रश्न तुमच्या ओठांवर आलेला मला दिसतोय. माझ्याही होता. नोकरी सुटल्यावर वेळ मिळाला तेव्हा मी शोधायला लागले, आणि हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच बायकांनी कॅमेरा हातात घेऊन सोडवायला घेतला होता हे पाहून थोडी ओशाळले.

1977 चा मे महिना, लॉस एंजेलिस. सुझान लेसी ही कलावंत रोज पोलिसांकडून बलात्काराच्या तक्रारींची माहिती घ्यायची आणि सिटी हॉललगतच्या बाजारपेठेत लावलेल्या पंचवीस फुटी नकाशावर त्या त्या जागी लाल शिक्का मारायची. प्रत्येक शिक्क्याभोवती नऊ फिकट शिक्के, न नोंदलेल्या घटनांचे. शेजारी दुसरा नकाशा, मदत कुठं मिळेल याचा. तीन आठवड्यांत नकाशा लालेलाल. बाई एकही नाही त्यात, आणि तरी शहरातला प्रत्येकजण आपली गल्ली शोधत होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्या शहरात मालिका-खुनांची दहशत होती. वृत्तवाहिन्या मृत स्त्रियांचं खासगी आयुष्य चघळत होत्या. लेसी आणि लेस्ली लॅबोविट्झ यांनी शववाहिकेतून काळ्या वेशातल्या, उंच शिरोभूषणांमुळे सात फुटी दिसणाऱ्या स्त्रिया सिटी हॉलच्या पायऱ्यांवर उतरवल्या. कॅमेरे कुठं उभे राहतील, मागं काय दिसेल, वाहिनीला किती सेकंद लागतील, सगळं आधी ठरवलेलं. म्हणजे तुमच्यासारख्यांनी कोणती चौकट वापरावी, हे त्यांनी स्वतःच ठरवून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी वाहिन्यांना दुसरं काही दाखवायला उरलंच नाही. आपल्याकडच्या मोर्चांत बायका इतक्या कल्पना लढवतात, आणि आपण पानावर मेणबत्ती लावतो.

नॅन गोल्डिनचं 1984 चं आत्मचित्र तुम्ही पाहिलं असेल. प्रियकरानं इतकं मारलं की एक डोळा जायची वेळ आली होती. महिन्यानंतर तिनं स्वतःचा फोटो काढवून घेतला. डोळ्यात रक्त साकळलेलं, कडेनं काळंनिळं. आणि ओठांना लालभडक लिपस्टिक, गळ्यात मोत्यांची माळ, कानात डूल, नजर थेट लेन्समध्ये. ती लिपस्टिक मला वर्षभर छळत होती. आपल्या डेस्कवर हा फोटो आला असता तर 'ही पीडित वाटत नाही' म्हणून परत गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपण पुन्हा त्या माणसाकडे जाऊ नये म्हणून हा फोटो स्वतःला हवा होता, असं तिनं पुढं सांगितलं आहे. म्हणजे पहिली प्रेक्षक तीच.

दिल्लीत शेबा छाछी ऐंशीच्या दशकात हुंडाबळी आणि बलात्कार यांच्या विरोधातल्या मोर्चांचे फोटो काढत होती. वळलेल्या मुठी, उघडी तोंडं, घोषणा. काही वर्षांनी तिलाच ते खटकायला लागलं: या बाया एवढ्याच आहेत का? मग तिनं चळवळीतल्या सात जणींना विचारलं, तुम्हाला कसं दिसायचंय? जागा त्यांनी निवडायची, सोबत काय ठेवायचं ते त्यांनी ठरवायचं. हुंड्यापायी मुलगी गमावलेल्या सत्यराणी चढ्ढांचं एक छायाचित्र सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातलं आहे. मला वाटतं स्त्रीवादी छायाचित्रण म्हणतात ते यापेक्षा फार अवघड नसावं. कॅमेरा कुणाच्या हातात आहे यापेक्षा, फोटोतल्या बाईला विचारलं होतं का, हे महत्त्वाचं. पुरुष छायाचित्रकारालाही ते जमू शकतं, आणि बाई असूनही मला नऊ वर्षं जमलं नाही.

विचारायला वेळ नसतो, ती समोर नसते, तिचा चेहरा दाखवता येत नाही. मान्य. इथं मला बार्सिलोनाची लाया आब्रिल आठवते. स्पेनमध्ये 2016 साली पाम्प्लोनाच्या उत्सवात पाच पुरुषांनी एका तरुणीवर अत्याचार केला, आणि 2018 मध्ये खालच्या न्यायालयानं त्याला बलात्कार म्हणायचं नाकारलं. स्पेनच्या रस्त्यांवर लाखो बायका उतरल्या. आब्रिलनं तिथून काम सुरू केलं आणि ठरवलं की बळी पडलेलीकडे पाहणं पुरे, आता संस्थांकडे पाहायचं. तिच्या मोठाल्या कृष्णधवल छायाचित्रांत माणूसच नाही, नुसते कपडे. शाळेचा गणवेश. लष्करी पोशाख. ननचा झगा. लग्नाचा पोशाख. प्रत्येक कपड्याच्या मागं एक संस्था उभी राहते, जिनं अत्याचार होऊ दिला आणि मग दडपला. आपल्याकडे त्याआधीच, 2003 मध्ये, बंगळूरच्या जस्मीन पथेजानं 'ब्लँक नॉइज' नावाचं काम सुरू केलं होतं. छेडछाड झाली तेव्हा अंगावर असलेले कपडे बायका घेऊन येतात. साडी, सलवार-कमीज, शाळेचा फ्रॉक. 'काय घातलं होतं?' या प्रश्नाला तिथं कपडेच उत्तर देतात.

हे दैनिकात जसंच्या तसं चालेल असं मी म्हणत नाही. कलादालनात माणूस पाच मिनिटं थांबतो, शेजारचा मजकूर वाचतो. पेपरात त्याची नजर दोन सेकंद थांबते, आणि दोन सेकंदांत नुसता कुर्ता दिसला तर तो नेमका तोच प्रश्न विचारेल जो आपल्याला मोडायचा आहे. शिवाय कपड्यांचंही फोल्डर व्हायला वेळ लागणार नाही. 'काल गणवेश लावलाय, आज साडी लाव.' हातरुमालापासून चपलेपर्यंत कशाचाही साचा करण्यात आपण पटाईत आहोत.

आणि एक प्रकरण असं आहे की त्यापुढे माझी ही सगळी शहाणी वाक्यं अडखळतात. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या. पहिले काही आठवडे मोठ्या वृत्तपत्रांनी त्या बातमीला जी जागा दिली ती आठवून मला आजही लाज वाटते. मग मृतदेहांचे फोटो हातोहात फिरू लागले. पत्रकांवर, इंटरनेटवर. ते पाहून विदर्भ पेटला, मग राज्य. न्यायालयात लैंगिक अत्याचार सिद्ध धरला गेला नाही, ॲट्रॉसिटी कायद्याचं कलमही टिकलं नाही. आई आणि मुलगी यांचे ते फोटो कुणी पाहू नयेत असेच होते. कुणी त्यांना विचारलेलं नव्हतं, विचारायला त्या उरल्याच नव्हत्या. पण ते फिरले नसते तर बातमी आमच्या आतल्या पानावर दोन कॉलमांत मेली असती, हेही खरं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले आहे. एवढं मात्र कळतं की लोकांवर असे फोटो फिरवण्याची वेळ आली, कारण ज्यांचं काम होतं ते आपलं फोल्डर उघडून बसले होते. खैरलांजीला आम्ही चार नंबरसुद्धा लावला नाही. कोपऱ्यातली ती बिचारी मुलगीसुद्धा जात बघून यायची.

22 ऑगस्ट 2013 ला मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये जिच्यावर सामूहिक अत्याचार झाला ती आपल्याच व्यवसायातली होती. हातात कॅमेरा घेऊन, दिलेल्या कामासाठी, पडक्या गिरणीचे फोटो काढायला गेली होती. त्या रात्री आमच्या डेस्कवर चर्चा झाली, दोन नंबर की चार नंबर. शेवटी चार. कॅमेऱ्याचा फोटो लावावा हे आम्हा आठ जणांपैकी कुणालाही सुचलं नाही. एक साधा कॅमेरा, टेबलावर ठेवलेला. ओळख उघड झाली नसती, कारण तिचा पेशा बातमीतच होता. आणि वाचकाला कळलं असतं की ती कामावर होती.

तेव्हा आता मागणं. फोल्डर पुसा. बॅकअपमधूनही. बातमीला नेमकं चित्र नसेल तर तिला उघडी राहू द्या, बातमी उघडी दिसली म्हणून आजवर कुणी पेपर बंद केलेला नाही. चित्र हवंच असेल तर घटना जिथं अडली ती जागा दाखवा: फिर्याद घ्यायला नकार दिलेल्या ठाण्याची पायरी, वर्षानुवर्षं तारखा पडणाऱ्या कोर्टाचा व्हरांडा, रात्री महिला डॉक्टर नसलेल्या ग्रामीण रुग्णालयाचं दार. तालुक्याच्या छायाचित्रकाराला त्यासाठी पाठवा आणि त्याचे पैसे द्या. तालुक्याला फोटो काढणाऱ्या मुली आता आहेत, त्यांना लग्नसराईपलीकडचं काम द्या. आणि पीडिता स्वतः पुढं येत असेल तर कलम 72 तिला लेखी संमतीनं समोर येण्याची मुभा देतं, हेही विधी विभागाला एकदा विचारून ठेवा. अशा वेळी तिला खिडकीकडे पाठ करून बसवू नका. तिला विचारा, कसं बसायचंय.

संकेतस्थळं सांभाळणाऱ्या तरुण मंडळींना वेगळं सांगते. तुमच्याकडे आता फोल्डरही लागत नाही. यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की ते गोरीपान, अश्रू ढाळणारी, पापण्या लांब असलेली मुलगी अर्ध्या मिनिटात काढून देतं. आमच्या चार नंबरवरच ते शिकलेलं आहे.

नोकरी सोडताना मी ते सहा फोटो पेन ड्राइव्हवर घेतले होते, का ते तेव्हा कळलं नव्हतं. हे पत्र लिहायला बसण्याआधी चार नंबर पहिल्यांदाच पडदाभर मोठा करून पाहिला. पायाखाली लाकडाच्या फळ्यांची जमीन आहे. मागच्या भिंतीला खोली तापवायचं लोखंडी यंत्र बसवलेलं आहे, थंड देशांतल्या घरांत असतं तसलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या बातम्यांना हा फोटो मी नऊ वर्षं लावला. ना मला ते यंत्र दिसलं, ना वरिष्ठांना, ना छपाईखात्यात कुणाला.

त्या बाईनं निदान केस तरी निरखून पाहिले होते.

आपली,
एक माजी उपसंपादक